एक कोर्ट, माळ्यावरचा बाक आणि आमच्या गावाचा स्क्वॉश क्लब

टिनच्यावर
नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. इथे मागे कुणीतरी विचारलं होतं की खेड्यात स्क्वॉश क्लब चालतो का (चार भिंतींच्या कोर्टात दोघं आळीपाळीने रॅकेटने पुढच्या भिंतीवर रबरी बॉल मारतात, तो खेळ), आणि बहुतेकांनी नाही म्हणून सांगितलं होतं. आमचा चालतो. नुसता चालत नाही, वाढलाय. सुरुवातीला आम्ही पाच मोठी माणसं होतो, आता संध्याकाळी नंबर लावावा लागतो. तर तो कसा वाढला ते सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला खूप वेळ लागला.

गावात एक उंच छपराचं गोडाऊन रिकामं पडलं होतं. नोकरी संपवून गावी परत आलेले एक काका तरुणपणी स्क्वॉश खेळलेले, त्यांनी एक दिवस टेप घेऊन ते मोजलं आणि म्हणाले, बसतंय. ९.७५ मीटर लांबी, ६.४ मीटर रुंदी, डोक्यावर मोकळी उंची ५.६४ मीटर. एवढं मिळालं की कोर्ट होतं, बाकी सगळं गवंड्याचं आणि सुताराचं काम. मदत गोळा केली, श्रमदान केलं, कोर्ट झालं. त्यात चुकाही झाल्या, त्या कुणी विचारल्या तर सांगेन.

कोर्ट झालं आणि आम्हाला वाटलं आता लोक येतील. कुणीच आलं नाही! म्हणजे आम्ही पाच जण यायचो, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या जोडीने, खेळायचो आणि कुलूप लावून जायचो. किल्ली एकाकडेच, तो परगावी गेला की तीन तीन दिवस कोर्ट बंद. पोरं दाराच्या फटीतून बघायची आणि आम्ही त्यांना हाकलायचो, कारण खरंच धोका असतो, कोर्टाचं दार मागच्या भिंतीत असतं आणि खेळताना ते पूर्ण बंदच हवं. पण हाकलताना त्यांना "वर माळ्यावर बसा" असं एकानेही सांगितलं नाही. पहिलं दीड वर्ष असंच गेलं, आणि ह्याची मला आजही चुटपुट आहे.

मग मागच्या भिंतीच्या वर जो माळा होता तिथे काकांनी एक लांब बाक करून घेतला, पुढे मजबूत कठडा. आमच्या कोर्टाला काचेची भिंत नाही, त्यामुळे खेळ दिसतो तो फक्त वरूनच. एकदा काका आणि मी खेळत होतो, माझा ड्रॉप, म्हणजे पुढच्या भिंतीवर हळूच टाकलेला फटका, टिनला लागला की वर गेला ह्यावर आमचं अडलं. टिन म्हणजे पुढच्या भिंतीच्या तळाची पट्टी, तिला बॉल लागला की पॉइंट गेला. वरून एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "लागला, आवाज आला." त्याचं बरोबर होतं, टिन पत्र्याचं करतात ते त्या आवाजासाठीच. काका म्हणाले, वर बसून आता स्कोअर तूच सांग. त्याने सांगितला, शेवटपर्यंत, एकही चूक नाही.

त्या दिवसापासून नियम झाला. जो हरला तो पुढची मॅच मार्क करणार, म्हणजे वर बसून स्कोअर सांगणार आणि निर्णय देणार, आणि बाकावर कुणी पोरगं बसलं असेल तर ते त्याच्या शेजारी बसून मार्क करणार. बऱ्याच स्पर्धांमध्येही हरलेल्यानं पुढची मॅच मार्क करायची पद्धत असते, पण आमच्याकडे ह्या एका गोष्टीनं क्लब उभा राहिला असं मी अगदी मनापासून म्हणते. स्क्वॉशचा प्रश्न असा आहे की कोर्टावर एका वेळी दोघंच मावतात. चाळीस मिनिटांची पाळी धरली तर संध्याकाळच्या चार तासांत सहा पाळ्या, म्हणजे बारा माणसं. बाकीच्यांनी काय करायचं? बाहेर बसलेल्या माणसाला काम दिलं तर तो बसतो, नाहीतर घरी जातो आणि परत येत नाही. आमची पोरं रॅकेट हातात यायच्या आधीच लेट आणि स्ट्रोक, म्हणजे वाट अडली तर रॅली परत खेळायची की पॉइंट द्यायचा, हे शिकली.

दुसरं म्हणजे किल्ल्या. एकाच्या पाच केल्या, वार वाटून दिले. तिसरं म्हणजे बॉक्स लीग, त्याबद्दल खाली लिहीन, आता हात दुखायला लागला.

निळा_ठिपका
ताई, किती छान लिहिलंय! आमच्याकडेही एक हॉल आहे, मोजायला हवा. पण त्याआधी एक विचारायचंय. आम्ही हॉलच्या भिंतीवरच पोरांना खेळायला दिलं होतं, चांगला बॉल मागवला, दोन पिवळे ठिपके असलेला, सगळे खेळाडू तोच वापरतात म्हणून. पण तो उडतच नाही हो. पोरं दोन दिवसांत कंटाळली. बॉल खराब आला असेल का?

जुना_मार्कर
बॉल खराब नाही, पोरांसाठी चुकीचा आहे. ही चूक मी स्वतः वर्षभर केली म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्क्वॉशचा बॉल पोकळ रबराचा, ४० मिलिमीटर व्यासाचा आणि २४ ग्रॅमच्या आसपास. थंड असताना तो जवळजवळ मेलेला असतो. मारत राहिलं की रबर दबतं, फुगतं, गरम होतं आणि मग तो उसळायला लागतो. दोन पिवळ्या ठिपक्यांचा बॉल सगळ्यात कमी उसळतो, त्याला गरम ठेवायला जोरात आणि सलग मारावं लागतं, आणि सलग मारणं हेच तर नवशिक्याला जमत नसतं. म्हणजे बॉल गार म्हणून रॅली होत नाही, आणि रॅली होत नाही म्हणून बॉल गार. पोर दोष स्वतःला देतं.

निळ्या ठिपक्याचा आणा (तुमच्या नावातच आहे की). तो साधारण १२ टक्के मोठा असतो आणि हवेत जास्त वेळ राहतो. मग लाल, तो ६ टक्के मोठा. मग एक पिवळा, मग दोन पिवळे. आमच्याकडे मोठी माणसंसुद्धा पहिले काही महिने लालने खेळतात आणि त्यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही, रॅली चालली पाहिजे. चार फटक्यांत संपणारी रॅली आणि वीस फटक्यांची रॅली ह्यात माणूस उद्या परत येणार की नाही ते ठरतं.

रोखठोक
धागा वाचला, मेहनत दिसते, त्याबद्दल मान आहे. पण माझा प्रश्न सरळ आहे. एवढी जागा, एवढा खटाटोप, आणि खेळणार दोघं. तेवढ्याच जागेत आणि मदतीत दुसरा एखादा मैदानी खेळ घेतला तर वीस पोरं एका वेळी खेळतील. स्क्वॉश हा मुळात क्लबातल्या साहेब लोकांचा खेळ, तो गावात कशाला ओढून आणायचा?

टिनच्यावर
रोखठोक, दोघंच मावतात हे मी वर कबूल केलंय, आणि दुसरे खेळ बंद करा असं मी म्हणत नाहीये. पण "दोघं" हे मॅचपुरतं. सरावाला आम्ही एका कोर्टावर चार ते सहा पोरं घेतो. एक मागून बोस्ट (आधी साइडच्या भिंतीला लागून पुढे जाणारा फटका) मारतो, दुसरा पुढून ड्राइव्ह (सरळ लांब फटका), तिसरा फिरून त्याच्या जागी येतो. किंवा जिंकेल तो कोर्टात राहील, हरेल तो दारातून बाहेर, पुढचा आत, एकेका पॉइंटसाठी. ह्यात कुणी दोन मिनिटांच्या वर थांबत नाही. बाहेरच्या भिंतीवर टिनची आणि सर्व्हिसची रेषा मारलीय, तिथे एकटं पोर तासभर बडवत बसतं. पाऊस असो, अंधार असो, खेळ चालू राहतो. उघड्या मैदानाचं तसं नसतं.

साहेब लोकांच्या खेळाबद्दल इथलं कुणीतरी जास्त चांगलं लिहील.

गॅलरीतून
मी लिहितो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

रोखठोक, तुम्ही म्हणता ते सुरुवातीपुरतं खरं आहे. १८३० च्या सुमाराला इंग्लंडमधल्या हॅरो शाळेत हा खेळ निघाला, आणि पुढे लष्करी अधिकाऱ्यांनी तो जिथे जिथे छावण्या होत्या तिथे नेला. पण जगातलं सगळ्यात मोठं स्क्वॉश घराणं कुठून आलं? पेशावरजवळच्या नवाकिले नावाच्या खेड्यातून. हाशिम खान तिथला. वडील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात नोकरीला. तिथली कोर्टं विटांची आणि वर छप्पर नाही. हाशिम लहानपणी कोर्टाबाहेर गेलेले बॉल आणून द्यायचा, आणि साहेब लोक उन्हामुळे आत गेले की अनवाणी त्या तापलेल्या कोर्टावर एकटाच खेळायचा. तो अकरा वर्षांचा असताना वडील गेले. पुढे १९४४ साली मुंबईला येऊन तो अखिल भारतीय स्पर्धा जिंकला आणि १९५१ मध्ये, पस्तिशी उलटल्यावर, ब्रिटिश ओपन ह्या स्क्वॉशच्या जुन्या मोठ्या स्पर्धेच्या फायनलला इजिप्तच्या महमूद करीमला हरवलं. करीम त्या आधी सलग चार वर्षं तिथला विजेता होता!

पण खरी गोष्ट पुढे आहे. हाशिमने धाकटा भाऊ आझम ह्याला सोबत घेतलं, तो तेव्हा टेनिसचा माणूस होता. त्याने चार ब्रिटिश ओपन जिंकल्या. मधे १९५७ ला रोशन खान जिंकला, १९६३ ला मोहिबुल्ला. १९५१ ते १९६३ ह्या सगळ्या वर्षांत ब्रिटिश ओपन ह्याच खान मंडळींकडे राहिली. मग रोशनचा मुलगा जहांगीर, लहानपणी हर्नियाची ऑपरेशनं झालेला, डॉक्टरांनी खेळू नको म्हणून सांगितलेला पोरगा, १९८१ ला सतराव्या वर्षी जगज्जेता झाला आणि पाच वर्षांहून जास्त काळ एकही मॅच हरला नाही. १९८२ ते १९९१ सलग दहा ब्रिटिश ओपन. १९८६ ला फ्रान्समधल्या तुलूझमध्ये न्यूझीलंडच्या रॉस नॉर्मननं त्याला हरवलं तेव्हा कुठे ती माळ तुटली. त्याच्या मागून जानशेर खान, जागतिक विजेतेपदं आठ.

मला ह्यात कायम एकच दिसतं. ह्यातल्या प्रत्येकाने कुणाला तरी आधी जवळून बघितलं होतं. भाऊ, चुलता, बाप, शेजारी. ताईंचा बाक म्हणतात तो हाच.

रोखठोक
ही माहिती नव्हती, धन्यवाद. अनवाणी आणि बिनछपराचं कोर्ट, हे डोळ्यासमोर आलं. पण मग विचारतो, तिकडे आता काय आहे? तेवढं मोठं घराणं असून आज पाकिस्तानचं नाव वर दिसत नाही.

गॅलरीतून
खरं आहे. १९९६ ला जानशेर जिंकला, त्यानंतर पुरुषांच्या जागतिक विजेतेपदावर पाकिस्तानचं नाव लागलेलं नाही. कारणं एकाहून जास्त असणार, पण जे घरातून घरात चालतं ते घर थांबलं की थांबतं, असं मला वाटतं. उलट इजिप्त बघा. १९९६ ला गिझाच्या पिरॅमिडसमोर काचेचं कोर्ट उभारून स्पर्धा झाली, त्यांचा अहमद बराडा हा तरुण पोरगा फायनलपर्यंत गेला, आणि ते बघून मुलं क्लबात शिरली. २००३ ला अमर शबाना त्यांचा पहिला जगज्जेता. नंतर तर मुलं-मुली दोन्हींत रांगच लागली. तिथे कैरो आणि अलेक्झांड्रियात मोठे खेळाडू आणि लहान पोरं एकाच क्लबात, शेजारशेजारच्या कोर्टांवर असतात. घराणं नाही, क्लब. म्हणून मला ताईंच्या पाच किल्ल्या महत्त्वाच्या वाटतात.

सरळ_ड्राइव्ह
मी कोचिंग करतो, थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. इजिप्तचं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. तिथे पोरं आठवड्याला किती वेळ कोर्टावर असतात ते बघा. एका कोर्टाच्या क्लबात सगळ्यांना सारखा वेळ देत बसलात तर कुणीच पुढे जाणार नाही. चार गुणी पोरं निवडा, त्यांना सकाळ-संध्याकाळ द्या, त्यातून एक जरी राज्य पातळीवर गेला तर गावात आपोआप क्लब वाढेल. बॉक्स लीगने हौस भागते, खेळाडू घडत नाही. २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉश पहिल्यांदा येतोय, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ऑलिम्पिक समितीच्या मुंबईच्याच बैठकीत ते ठरलं, आता मागणी वाढणार, आत्ताच गंभीर व्हायला हवं.

टिनच्यावर
राग कसला सर, आमच्याकडे ह्याच मुद्द्यावर मोठी भांडणं झालीत. मी काय घडलं ते सांगते.

तिसऱ्या वर्षी आम्ही अगदी हेच केलं. चार पोरं निवडली, संध्याकाळचे सगळे चांगले तास त्यांना. दोन महिन्यांत बाक रिकामा झाला. मोठी माणसं यायची थांबली कारण त्यांना वेळच नाही, आणि बाकीची पोरं थांबली कारण त्यांना कळलं की आपण "त्या चारांत" नाही. मग त्या चौघांना खेळायला कोण? तेच चौघं, रोज. एकमेकांचा सर्व्ह पाठ, एकमेकांच्या खोड्या पाठ. बाहेर स्पर्धेला गेले, पहिल्यांदाच एका डावखुऱ्या पोराशी गाठ पडली आणि गडबडले. आमच्या क्लबात डावखुरे दोन होते, एक पोस्टातले दादा आणि एक नववीतली मुलगी, दोघंही यायचे बंद झालेले.

मग बॉक्स लीग परत आणली. पाच-पाच जणांचे गट, खेळाच्या ताकदीप्रमाणे. महिनाभरात गटातल्या प्रत्येकाने प्रत्येकाशी एक मॅच, आपापसात ठरवून. महिनाअखेरीला वरचे दोन वरच्या गटात, खालचे दोन खालच्या. जिंकल्याचे गुण आहेतच पण नुसती मॅच खेळल्याचाही एक गुण ठेवलाय, हा गुण फार कामाचा, लोक मॅच टाळत नाहीत. ह्यात बारा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचा माणूस एका गटात येतात, आणि ती त्याला लांब लांब लॉब, म्हणजे डोक्यावरून जाणारे उंच फटके, घालून पळवते. तिला ताकदीचे फटके परतवायची सवय होते, त्याला डोकं वापरावं लागतं.

गुणी पोरांना जादा वेळ आम्हीही देतो, पहाटेचा, तेव्हा कुणाची पाळी नसते. पण संध्याकाळ सगळ्यांची. ह्यावर मी हटणार नाही.

सरळ_ड्राइव्ह
डावखुऱ्याचा मुद्दा मान्य, हा अनुभव माझाही आहे. पहाटेची वाटणी चांगली वाटते. तरी मी म्हणेन, त्या पहाटेच्या वेळेत नुसत्या मॅच खेळू देऊ नका. बॉलशिवाय पायांचं काम करून घ्या, टी पासून, म्हणजे कोर्टाच्या मधोमध रेषा मिळतात तिथून, चार कोपरे आणि दोन्ही बाजूंचे मध्य अशा सहा जागा, जाऊन परत टी वर. दहा मिनिटं पुरे. आणि साइडच्या भिंतीला चिकटून जाणारा ड्राइव्ह, सर्व्हिस बॉक्सच्या (सर्व्ह करायच्या चौकोनाच्या) मागे पडणारा, हाच शंभर वेळा. पोरांना निक (भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यात मारलेला फटका) आणि ड्रॉप आवडतात पण मॅच मागच्या कोपऱ्यात जिंकली जाते.

टिनच्यावर
लिहून घेतलं सर, खरंच. पायांचं काम आमचं कच्चं आहे.

लेकीची_आई
माझी मुलगी तुमच्या लीगमधल्या त्या मुलीच्याच वयाची आहे म्हणून विचारते. आमच्या जवळच्या कोर्टावर पाठवू का नको असं चाललंय. दोन गोष्टींची भीती. एक म्हणजे इजा, एवढ्या छोट्या जागेत दोघांच्या हातात रॅकेट. आणि दुसरं म्हणजे तिथे सगळे मुलगेच असतात, ती एकटी.

जुना_मार्कर
इजेबद्दल मी सांगतो, कारण ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. गॉगल. स्क्वॉशचा संरक्षक गॉगल, पॉलिकार्बोनेटचा. साधा नंबरचा चष्मा चालत नाही, तो फुटला तर उलट जास्त धोका. टेनिसचा बॉल डोळ्याच्या खोबणीच्या हाडावर अडतो, स्क्वॉशचा ४० मिलिमीटरचा बॉल खोबणीत सरळ आत जातो. आमच्याकडे गॉगल नाही तर कोर्टात नाही, पोरं असोत की मोठे. आणि पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची, समोरचा माणूस फटक्याच्या वाटेत असेल तर हात थांबवायचा. मारायचं नाही. नियमच तुमच्या बाजूने आहे, थांबलात तर लेट मिळतो, आणि बॉल सरळ पुढच्या भिंतीवर जाणार होता पण वाटेत तो माणूस होता असं असेल तर स्ट्रोक, म्हणजे पॉइंटच. पोराला हे कळलं की तो आपोआप थांबतो.

टिनच्यावर
आणि दुसऱ्या भीतीबद्दल मी. आमच्याकडेही सुरुवातीला मुली नव्हत्याच. "सगळ्यांसाठी खुलं आहे" असं फळ्यावर लिहिलं होतं, पण लिहून कुणी येत नाही. मग आठवड्यात दोन संध्याकाळी पहिला तास फक्त मुलींचा आणि बायकांचा केला आणि त्या दिवशीची किल्ली माझ्याकडे. काही जण कुरकुरले, मुलींच्या तासाला कोर्ट अर्धं रिकामं राहतं म्हणाले. राहू दे म्हटलं. पहिले काही आठवडे राहिलंच, मी आणि दोन मुली, बस. मग त्यांनी मैत्रिणी आणल्या. आता त्या तासातून तयार झालेल्या मुली लीगमध्ये सगळ्यांशी खेळतात, तास मात्र ठेवलाय, नव्या येणाऱ्या मुलीसाठी. तुम्ही तिच्याबरोबर एक मैत्रीण पाठवता येतीय का बघा, आणि शक्य असेल तर तुम्ही स्वतः रॅकेट घ्या. आमच्या लीगमध्ये आई आणि मुलगी एका गटात आल्यात.

गॅलरीतून
ह्यावरून हेदर मके आठवली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीनबीयन ह्या छोट्या गावची. हॉकी खेळायची आणि हॉकीसाठी दम टिकावा म्हणून गावातल्या कोर्टावर स्क्वॉश खेळायला लागली, तेसुद्धा अठराव्या वर्षी. १९६२ ते १९७७ सलग सोळा ब्रिटिश ओपन! सगळ्या कारकिर्दीत फक्त दोन मॅच हरली. गावात कोर्ट होतं म्हणून.

लेकीची_आई
अठराव्या वर्षी सुरुवात आणि सोळा वेळा, हे मुलीला आजच सांगते. ताई, मी रॅकेट घेणं वगैरे मनातही आलं नव्हतं. बघते.

निळा_ठिपका
ताई, तुम्ही कोर्ट बांधताना चुका झाल्या म्हणालात, त्या सांगा ना. आम्ही रविवारी हॉल मोजतोय.

टिनच्यावर
सांगते, ह्या तर आधी सांगायला हव्या होत्या.

पहिली चूक, माप विटांच्या भिंतीपासून घेतलं. माप प्लास्टर झाल्यावरच्या भिंतीचं हवं असतं. प्लास्टरची जाडी दोन्ही बाजूंनी आत आली आणि रुंदी कमी पडली, एक भिंत परत खरवडली. दुसरं, नुसती लांबी-रुंदी बघू नका, दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ११ मीटर ६६ सेंटीमीटरच्या जवळ आले पाहिजेत, नाहीतर कोर्ट तिरकं. प्लास्टर सुकल्यावर सगळ्या भिंतीवर मूठ वाजवत फिरा, पोकळ आवाज आला तिथून ते पुढे सुटणार.

जमीन लाकडाची, पट्ट्या पुढून मागे अशा लांबीच्या दिशेने, आणि वर चकचकीत व्हार्निश अजिबात नको. आम्हाला सुतारानं हौसेनं चकाकी मारून दिली होती, घामाचा एक थेंब पडला की पाय घसरायचा. सगळी घासून काढली. कच्चं लाकूड घाम शोषतं. आणि दमट हवेत भिंतींना पाणी सुटतं, ओल्या भिंतीवर बॉल घसरून खाली येतो, खेळण्यात अर्थ राहत नाही. वरच्या बाजूला हवा आत-बाहेर खेळती राहील अशी सोय आधीच करा, नंतर भिंत फोडायला जीव होत नाही.

उंची नीट बघा. ५.६४ मीटर मोकळी हवी, म्हणजे छपरापर्यंत नाही, दिवे आणि तुळई ह्यांच्या खालपर्यंत.

रेषा: टिनची वरची कड ४८ सेंटीमीटरवर, सर्व्हिसची रेषा १.७८ मीटर, पुढच्या भिंतीची आउटची ४.५७, मागच्या भिंतीची २.१३, आणि साइडला ह्या दोघींना जोडणारी तिरकी. काळ्या डागांचं आधीच मनावर घ्या, बॉलचे डाग पडतात, आमच्याकडे दर आठवड्याला ज्या गटाची पाळी असेल तो गट ओल्या फडक्यानं भिंती पुसतो. ह्याचा पण क्लब व्हायला उपयोग झाला, खरंच सांगते, जो भिंत पुसतो तो बूट काळ्या तळाचे घालून येत नाही.

रोखठोक
एक विचारायचं राहिलं. यश यश म्हणताय ते नेमकं काय? पदकं किती?

टिनच्यावर
पदकं आहेत, थोडी. मागच्या वर्षी आमच्या एका मुलीनं तिच्या वयोगटाची स्पर्धा जिंकली, फायनलला पाचव्या गेममध्ये १०-१० झालं होतं आणि दोन पॉइंटनी पुढे जावं लागतं म्हणून ते १४-१२ पर्यंत ताणलं. मी वर गॅलरीत उभी होते, बसवतच नव्हतं.

पण मला विचाराल तर पहिलं यश आम्ही सगळे हरलो त्या दिवशीचं. पहिल्यांदा बाहेरच्या स्पर्धेला गेलो होतो, सात पोरं घेऊन, सगळी पहिल्याच फेरीत बाहेर. हिरमुसली होती, मीही. हरलेल्यांना पुढची मॅच मार्क करायला बसवलं, नेहमीप्रमाणे. आमची पोरं बसली आणि स्कोअर असा खणखणीत सांगायला लागली, हँड आउट (सर्व्हिस बदलली), डाऊन (बॉल टिनला किंवा खाली लागला), नॉट अप (बॉल वेळेत उचलला नाही), आणि लेट मागितला की स्वतःचा निर्णय कारणासकट सांगायला लागली, की तिथले आयोजक येऊन उभे राहिले. संध्याकाळी ते विचारायला आले, उद्या सेमीफायनल आहेत, ही मुलं राहू शकतील का मार्किंगला? आम्ही राहिलो. पोरांनी दोन दिवस त्यांच्याहून चांगले खेळाडू अगदी जवळून बघितले, प्रत्येक फटका बघून त्याचा न्याय करत. परत आल्यावर त्यांचा खेळ बदललेला होता, मला कारण तेच दिसतं. त्यातला जो पहिला मुलगा, "लागला, आवाज आला" वाला, तो आता आमच्याकडे नव्या पोरांना मार्किंग शिकवतो, मंगळवारची किल्लीही त्याच्याकडेच असते.

रोखठोक
वाचून बरं वाटलं. माझा मैदानाचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण हे नुसतं दोघांचं नाही एवढं कळलं.

शांत_लॉब
पूर्ण धागा आज एका बैठकीत वाचला. आमचा क्लब दहा वर्षं जुना, दोन कोर्टं, सभासद आहेत पण सगळे पन्नाशीच्या पुढचे. पोरं का येत नाहीत ह्यावर आमच्या मीटिंगा होतात. आमच्याकडे गॅलरी आहे आणि तिला कुलूप आहे. खुर्च्या चोरीला जातील म्हणून. उद्या काढतो.

टिनच्यावर
काढाच! आणि वरती एक स्कोअर लिहायची पाटी ठेवा, खडूसकट.

निळा_ठिपका
मोजून आलो. लांबी-रुंदीला जागा भरपूर आहे, पण एक तुळई साडेपाच मीटरवर आहे, ती वर सरकवता येईल का ते बघायला सोमवारी माणूस येतोय. कर्ण नंतर. निळ्या ठिपक्याचे सहा बॉल मागवले. मागच्या बाजूला माळा करायला जागा निघते, सुतार विचारत होता की बाक किती लांब करू.

टिनच्यावर
कोर्टाच्या रुंदीएवढा. सहा मीटर तरी कराच, आमचा चार मीटरचा आहे आणि पोरं कठड्याशी उभी राहतात.